चाचांची फायनल अन् आमचा कंप्युटर

घाटंजीत आमच्या गल्लीत कोणाचाही कंप्युटर रुसला की बोलावणं मला येतं. मी सरकारी कचेरीत बाबू आहे. तिथं प्रिंटर अडला, पासवर्ड विसरला, माऊस मेला, की साहेबापासून शिपायापर्यंत सगळ्यांना माझंच टेबल दिसतं. घरी येऊन चहाचं आधण ठेवावं तर दारात शेजारीण उभी, "भाभी, जरा येता का?" मी चिडते, दोन शब्द सुनावते आणि करून देते. "म्याडम तिखट आहे, पण काम पक्कं" असं माझ्यामागं बोलतात म्हणे. बोलोत बापडे. तर अशा माझ्याच घरच्या कंप्युटरवर एक साईट उघडेना. आणि मुहूर्त कोणता, तर चाचांच्या फायनलचा!

चाचा म्हणजे आमच्या समोरच्या घरातले. त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. चण्याला पाणी द्यायचे दिवस आले की जळालेल्या मोटारी घेऊन आसपासच्या खेड्यांतले लोक त्यांच्या दारात बसलेले असतात. दिवसभर तांब्याच्या तारेशी झुंजायचं आणि संध्याकाळी हातपाय धुऊन आमच्या ओट्यावर यायचं, हा त्यांचा नेम. तिथं आमचे हे पट मांडून तयारच असतात. आमचे हे म्हणजे रिटायर झालेले मास्तर. दोघांचं बुद्धिबळ दिवे लागेपर्यंत चालतं. हे बहुतेक डाव हरतात आणि दर वेळी डोळ्यावर ऊन आलं म्हणतात. सूर्य मावळल्यावरसुद्धा.

त्या हिवाळ्यात साठीच्या वरच्या लोकांची एक ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धा निघाली. ह्यांनी चाचांचं नाव देऊन टाकलं. चाचा दुकानातल्या स्टुलावर बसून, मोबाईलवर, एकेकाला हरवत गेले. कोण पुण्याचा, कोण भोपाळचा, कोण रिटायर प्रोफेसर. चाचांना त्याचं काहीच नाही. "समोरचा कोन हाय ते दिसतच नाही भाभी, मंग भ्याव कोनाले?" असं म्हणायचे. असं करत करत गडी फायनलात पोचला. पण फायनलची अट वेगळी होती. मोबाईलवर खेळायचं नाही, कंप्युटरवर खेळायचं. समोर कॅमेरा पाहिजे, आणि मोबाईल पाठीमागं उभा करून ठेवायचा, म्हणजे खोलीत कोणी चाली सांगत नाही ना, ते परीक्षकांना दिसलं पाहिजे. गल्लीत कॅमेरावाला कंप्युटर एकच, आमचा. "एवढंच ना? येऊन बसा!" असं मी तोऱ्यात सांगून टाकलं.

डाव रविवारी दुपारी तीनला होता. आधीचा आठवडाभर माझी कचेरीत ऑडिटची धावपळ, म्हणून आधी लावून पाहायचं राहिलं. म्हटलं साईट उघडायला काय लागतं, लेकरूही उघडतं. सकाळी मी दोन जुड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून वड्या केल्या. जेवणं आटोपून कंप्युटर लावला, साईटचं नाव टाकलं आणि ते चक्र फिरायला लागलं. फिरलं, फिरलं आणि शेवटी पाटी आली की ही साईट सापडत नाही.

चाचा दारात उभे. ईदचा कुडता, डोक्याला तेल, नखातलं काळं पेट्रोलनं घासून काढलेलं. मला म्हणाले, "लवकर आलो का मी?"

"नाही, बसा ना. हे जरा गरम व्हायले वेळ घेते," मी थाप मारली.

मग मी कामाला लागले. बातम्यांची साईट उघडून पाहिली, उघडली. क्रिकेटचा स्कोअर, उघडला. आमच्या कचेरीची साईट, जी कचेरीत कधी म्हणजे कधी उघडत नाही, ती मेली टपकन उघडली! म्हणजे नेट चालू होतं. चाचांचा मोबाईल आमच्याच वायफायवर जोडला आणि त्याच्यावर तीच बुद्धिबळाची साईट लावली तर क्षणात पट समोर हजर. म्हणजे साईटही ठणठणीत. तरी मी वायफायचा डबा बंद करून चालू केला, कारण ते केल्याशिवाय माणसाच्या मनाला शांती लाभत नाही. काही फरक नाही. दुसरा ब्राउजर लावला, नाही. जुना साठलेला कचरा साफ केला, नाही. वायफाय सोडून माझ्या मोबाईलचं नेट कंप्युटरला दिलं, तरी नाही. कंप्युटर बंद करून चालू केला, मनातल्या मनात एक हासडली, तरीही नाही. अख्ख्या जगात ती साईट उघडत होती, फक्त माझ्या घरात, माझ्या टेबलावर उघडत नव्हती. खोट आमच्याच कंप्युटरच्या पोटात आहे इतकं कळलं. पण कुठं, ते कळेना. अंगाचा नुसता तिळपापड!

आणि आमचे हे? एरवी मी कंप्युटरला बसले की हे खुर्चीमागं उभे राहून "हे दाब, ते दाब" करून डोकं उठवतात. त्या दिवशी मात्र नुसते मूग गिळून उभे. मधेच म्हणाले, "चाचा, माह्या गाडीवर बसा, आपण यवतमाळले जाऊ. तिथं माह्या दोस्ताकडं कंप्युटर आहे."

"अहो, घड्याळ पाहा!" मी म्हटलं. "फायनल का रस्त्यात पांढरकवड्याच्या बसमागं खेळतील ते?"

मग हे चौकात जाऊन आले. एक नेटवाला लग्नाला नेरला गेला होता, दुसऱ्याकडं कॅमेरा नव्हता. आले आणि लगेच मोबाईल घेऊन मागच्या अंगणात गेले. परत आले, पुन्हा गेले. पोट बिघडलं की काय, असं मला वाटलं.

मी चिडून कीबोर्ड आपटत होते, तर चाचाच मला समजवायला लागले. "जाऊ द्या भाभी, नसीबात असंल तं उघडंल. नाही तं नाही. मास्तरकडून एक गोष्ट शिकलो मी, सोडून द्याची गोष्ट. त्याईनं कसं एका दिवसात सोडलं होतं, आठवते?"

न आठवायला काय झालं! आमची पोरगी बारावीत गेली त्या सालची ती गोष्ट. बारावीचं वर्ष म्हणजे घरात सुतकच असतं. आम्ही टीव्हीची वायर काढून त्याला चादरीत बांधून ठेवला होता, पाहुण्यांना "मार्चनंतर या" म्हणून कळवलं होतं. शिवाय प्रत्येकानं आपली आवडती एक गोष्ट सोडायची, असं मी ठरवलं, देवाला दिसलं पाहिजे ना की घर पोरीच्या पाठीशी आहे! मी चहा सोडला. ह्यांनी हीच बुद्धिबळाची साईट सोडली. कारण तेव्हा हे त्या साईटवर इतके बसायचे, इतके बसायचे, की जेवणाचं ताट टेबलावर गार होऊन जायचं. ज्या दिवशी सोडली त्या दिवसापासून बंद. त्याच कंप्युटरवर बातम्या पाहायचे, पेपर वाचायचे, पण त्या साईटकडं ढुंकून नाही. सारी गल्ली तोंडात बोट घालून राहिली. पोरीचा निकाल लागला तसा मी पहिल्या तासात चहा प्यायले, दोन कप. हे मात्र म्हणाले, "आता सुटलं ते सुटलं." तेव्हापासून "मनाचा पक्का माणूस म्हणजे मास्तर" ही गल्लीतली म्हणच झाली. मीही सासरच्या लग्नाकार्यांत ती मिरवली आहे.

चाचा सांगत होते, "त्याच साली डाक्टरनं मले सांगतलं होतं, तो तंबाखू-सुपारीचा खर्रा सोड, नाही तं जबडा गेला समज. तोंडात दोन बोटं जात नोती माह्या. दहादा सोडला, दहादा धरला. मंग मास्तरले पाह्यलं. म्हटलं हा माणूस रोज कंप्युटरच्या समोर बसून राह्यते, अन् तरी ते उघडत नाही. तं मी पानठेल्यासमोरून सरळ जाऊ शकत नाही का बे? बस. त्याईच्या तोंडाकडं पाहून सुटला माहा खर्रा. हा जबडा मास्तरचा हाय भाभी."

हे दारात उभे होते. चेहरा असा, जसा हेडमास्तरांनी वर्गात उभं केल्यावर पोरांचा होतो. आणि पुन्हा मोबाईल घेऊन मागं पळाले. आता मात्र मला शंका आली. मी मागोमाग गेले. तर हे तुळशीजवळ उभे राहून मोबाईलात पुटपुटत होते, "उचल वं माय, उचल."

"कोणाले फोन लावून राह्यले?"

"कोणाले नाही. पोरीले. सहज."

"अहो, ती रविवारी दुपारी झोपते, तुम्हाले मालूम नाही? तिकडं त्या माणसाची फायनल जाऊन राह्यली, अन् इथं तुमचं सहज!"

तेव्हा हे तुळशीच्या कट्ट्यावर मटकन बसले आणि खाली पाहत म्हणाले, "ते मीच बंद करायले लावलं होतं."

"काय?"

"ती साईट. बारावीच्या साली. दोन दिवस सोडून पाह्यली, तिसऱ्या दिवशी हात वळवळाले लागला. म्हणून पोरीले म्हटलं, तूच काहीतरी करून हे उघडणंच बंद कर, अन् आईले सांगू नको. तिनं पाच मिनिटांत केलं. काय केलं ते मले समजलं नाही. आता ती फोन उचलत नाही."

माय वो! काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो हा. तासभर मी डबे उघडझाप करत होते आणि कुलूप लावणारा माझ्याच मागं उभा! माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. "मंग तोंड नाही का तुम्हाले? सांगाले काय झालं होतं?"

ह्यांनी वर पाहिलं. डोळे भरलेले. "तो पुन्हा खर्रा खाईन वं. माह्याकडं पाहून सोडला म्हणते तो. आता त्याले समजलं की मी सोडलंच नोतं, तर?"

माझा राग कुठं गेला, मलाच कळलं नाही. एवढी वर्षं मी समजत होते की हा माणूस लोकांची वाहवा ऐकून खूश असतो. हा तर दर वेळी आतल्या आत भीत होता! मला त्यांची दयाही आली आणि हसूही आलं. मी म्हटलं, "उठा. मले आता समजलं कुठं पाहायचं ते. चाचाले काही सांगू नका. मी गुपचूप काढते."

कंप्युटरच्या आत एक साधी फाईल असते. त्यात एखाद्या साईटचं नाव एका ओळीत घातलं की कंप्युटर तिला बाहेर जगात शोधतच नाही, घरातल्या घरात फिरतो आणि हात हलवत परत येतो. बाकी सगळं नीट चालतं, तेवढी एकच साईट बंद. आमच्या कचेरीत पत्त्यांच्या खेळाची साईट साहेबांनी अशीच बंद करायला लावली होती, आणि ती बंद करणारी मीच होते. पण आपल्याच घरात कोणी असं करून ठेवील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. जाऊन फाईल उघडली. शेवटी ती ओळ, पोरीनं घातलेली, आरामात बसून होती. खोडली, तर जपून ठेवू देईना. परवानगी नाही म्हणे! माझ्या घरात मला परवानगी नाही! मालकाच्या अधिकारानं पुन्हा उघडली, पुन्हा खोडली, आणि या वेळी मुकाट्यानं बदल झाला. ब्राउजर बंद करून चालू केला, आणि पडद्यावर पट आला. काळी-पांढरी घरं, सगळे मोहरे जागच्या जागी.

"उघडलं!" चाचा लहान लेकरासारखे ओरडले. "काय झालं होतं भाभी?"

"काही नाही, आत जरा अडकलं होतं," मी म्हटलं. हे पंख्याकडं पाहत राहिले.

तीन वाजून गेले होते. चाचांचं घड्याळ पळत होतं, अजून थोडा उशीर झाला असता तर समोरच्याला डाव फुकट गेला असता. परीक्षक बाई पडद्यावर आल्या. मोबाईल खोलीभर फिरवून दाखवा म्हणाल्या. फिरवला, तर त्यात आधी दोरीवरचे कपडे आले आणि मग वड्यांचं ताट घेऊन उभी असलेली मी. "म्याडम, तुम्ही कृपया बाहेर जा." माझ्याच घरातून मला बाहेर काढलं! ताट घेऊन मी ओट्यावर आले, हे आधीच तिथं येऊन बसले होते.

माझ्या मोबाईलवर तो डाव पाहता येत होता. मी ह्यांच्यापुढं धरला, तर ह्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. "मले नको दाखवू. ते एकदा पाह्यलं की झालं." मग मीच पाहून सांगायला लागले, आणि मला त्या खेळातलं घोडा सोडून काही ओळखू येत नाही.

"घोडा पुढं गेला."

"कोणता घोडा? काळा का पांढरा?"

"काळा. अन् ते टोकदार टोपीवालं तिरपं गेलं."

"उंट! कुठून कुठं गेला, सांग ना नीट!"

"तुम्हीच पाहा ना मंग, डोळे काय भाड्यानं दिले?"

असं भांडत भांडत आम्ही डाव खेळलो. चाचांचा वेळ कमी होत चालला होता. समोरच्याकडं मोहरे जास्त होते, ते मलासुद्धा दिसत होतं. मी सांगितलं तसं ह्यांनी गुडघ्यावर हात मारून घेतला. मग चाचांचं एक प्यादं एकेक घर पुढं सरकायला लागलं. कोणी त्याच्याकडं पाहीना. मी म्हटलं, "एक बारकं एकटंच वर चाललंय." हे एकदम उभे राहिले. "किती घरं राह्यली?" "दोन." "एक." "पोचलं!" प्याद्याचा वजीर झाला आणि तीन-चार चालींत समोरच्यानं हार कबूल केली.

चाचा आतून आले ते हसतच. मोटार दुरुस्तीला घेऊन आलेले दोन-तीन लोक त्यांना शोधत आमच्या ओट्यापाशी येऊन थांबले होते, त्यांनाही आनंद झाला, का झाला ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी सगळ्यांच्या हातावर वड्या ठेवल्या. चाचांनी ह्यांना मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे समदं मास्तरचं हाय. खर्रा सुटला तो याईच्यामुळं. जबडा राह्यला तो याईच्यामुळं. आज त्या क्यामेऱ्यासमोर तोंड दाखवलं तेही..."

मी ह्यांना डोळ्यांनी खुणावत होते, की गप्प बसा. पण ह्यांना राहवलं नाही. मिठीतून सुटून, शाळेत प्रतिज्ञा म्हणतात तसे सरळ उभे राहून ह्यांनी सगळं सांगून टाकलं. वळवळणारा हात, पोरगी, कुलूप, आणि दुपारभरचं फोन लावणं, सगळं. शेवटी म्हणाले, "चाचा, मी काही सोडलं नोतं. मले ते उघडतच नोतं."

 चाचांच्या हातातली वडी हातातच राहिली.  चौकातला पानठेला तिथून सरळ दिसत होता.

"म्हंजे," चाचा हळूच म्हणाले, "तुमच्या कंप्युटरले कुलूप होतं?"

"हाव."

"अन् मी रोज त्या ठेल्यासमोरून गेलो. जातानी अन् येतानी."

"हाव."

"ठेलेवाला माहा दोस्त. तो आवाज द्यायचा, चाचा, घोटून ठेवला म्हणून."

"हाव ना."

चाचांनी आपल्या जबड्यावरून हात फिरवला. "अन् माह्या तोंडाले तं कोनतंच कुलूप नोतं." त्यांनी ह्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग त्या मोटारवाल्यांकडं. "मंग मी कोनाकडं पाहून सोडला बे? मी तं बिना कुलपाचा सोडला! मास्तर, तुमच्यानं झालं नाही ते म्या केलं!"

आणि असे हसले, असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. हेही हसायला लागले. मी तर पदर तोंडाला लावून ओट्यावरच बसले. तेवढ्यात पोरीचा फोन आला, बाबांचे इतके मिस्डकॉल काहून म्हणून, पण मला हसण्यामुळं बोलताच येईना.

चाचा तोवर पायऱ्या उतरून गल्ली ओलांडून निघाले होते. आपल्या दारापासूनच त्यांनी बायकोला हाक मारली, "अजी सुनती हो क्या! वो खर्रा मैंनेच छोड़ा था, मैंनेच! मास्टर को देख के नहीं!" ती बिचारी पिठाच्या हातानं बाहेर आली. चाचा तिला पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. फायनल जिंकल्याचं सांगायचं त्यांना सुचलंच नाही. ते तिला रात्री माझ्याकडून कळलं.